दुचाकीतील हवेची डबी : काढावी की राखावी?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे गाव. तालुक्याच्या कामासाठी मानोरा, बाजारासाठी कारंजा आणि कचेरीच्या कामासाठी वाशीम अशा तीन दिशांना येथील माणसाला जावे लागते. एसटीची वाट पाहण्यापेक्षा दुचाकीला किक मारणे सोयीचे, हे गणित इंझोरीतच नव्हे तर विदर्भातील कोणत्याही खेड्यात आता पक्के झाले आहे. बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप, दुधाची कॅन, शाळेत सोडायची दोन मुले आणि प्रसंगी दवाखान्यात न्यायचा रुग्ण, हे सारे ‘एमएच ३७’ क्रमांकाच्या त्याच गाडीवर वाहिले जाते. साहजिकच गाडीच्या प्रकृतीकडे घरातल्या बैलजोडीइतकेच बारीक लक्ष असते.

अशी गाडी सात-आठ वर्षांची झाली की तक्रारी सुरू होतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाक्यासारखे बार निघतात. इंजिनमधून बाहेर पडणारा सायलेन्सरचा वाकडा पाइप निळसर पडतो. ॲव्हरेज घटल्याची शंका येते. मग कोणी जाणता सल्ला देतो, ‘हेडवर ती काळी डबी आहे ना, ती काढून टाक आणि तोंडाला पत्रा मार. गाडी मोकळी होईल.’ दहा मिनिटांचे काम, खर्च जवळजवळ नाही आणि उतारावरचे बार खरोखरच थांबतात. सल्ला खरा ठरल्यासारखा वाटतो. परंतु ही डबी कारखान्याने मुळात बसवली कशासाठी, ती काढल्यावर नेमके काय गमावले जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

डबीची अनेक नावे

या डबीचे शास्त्रीय काम एका वाक्यात सांगता येते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात ताजी हवा सोडून त्यातील अर्धवट जळालेले इंधन वाटेतच जाळून टाकणे. पहिली हवा कार्बोरेटरमधून पेट्रोलसोबत इंजिनात जाते, ही दुसरी हवा ज्वलन झाल्यानंतर धुरात मिसळते, म्हणून तिला ‘सेकंडरी एअर’ म्हणजे दुय्यम हवा असे नाव पडले. गॅरेजमध्ये हीच डबी ‘एसएआय’ या नावाने ओळखली जाते. होंडा आणि सुझुकी तिला ‘पेअर’ म्हणतात, यामाहा ‘एआयएस’ म्हणते, तर बुलेट आणि क्लासिक चालवणाऱ्यांच्या तोंडी ‘पीएव्ही’ हे नाव असते. नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे.

दिसायलाही हा भाग साधाच. एअर फिल्टरच्या पेटीतून एक रबरी नळी निघते, ती डबीत शिरते, डबीतून दुसरी नळी किंवा धातूचा पाइप हेडमधील धुराच्या वाटेपर्यंत पोहोचतो. तिसरी बारीक नळी डबीला इंजिनच्या हवा ओढण्याच्या वाटेशी जोडते. या तिसऱ्या नळीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पण पुढे दिसेल त्याप्रमाणे निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यातच असते.

इंधन पूर्ण का जळत नाही?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. चुलीत लाकडे जास्त कोंबली आणि हवा कमी पडली की धूर होतो. इंजिनाचेही तसेच आहे. गाडी थंड असताना, जागेवर उभी असताना किंवा एकदम वेग घेताना इंजिनाला पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते. कार्बोरेटर हे काम ठोकळमानाने करतो. हवा कमी पडली की पेट्रोलमधील कार्बनचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होण्याऐवजी अर्धवट ज्वलनाचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काही पेट्रोल तर मुळीच न जळता सिलिंडरच्या भिंतीलगत आणि कोपऱ्याकपाऱ्यांत राहते व तसेच बाहेर पडते. या उरलेल्या इंधनाला हायड्रोकार्बन म्हणतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मोकळ्या रस्त्यावर तो विरून जातो. पण पावसाळ्यात पडवीत किंवा बंद खोलीत गाडी सुरू ठेवून मिस्त्री काम करत असेल, शेजारी मुले बसली असतील, तर तोच वायू डोकेदुखी, घेरी आणि प्रसंगी जिवावर बेतणारे कारण ठरतो. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन जमिनीलगत ओझोन तयार करतात. डोळे चुरचुरणे आणि श्वासनलिकेचा दाह या ओझोनची ओळख. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या धुरक्याचे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यात वैज्ञानिक आरी हागेन-स्मिट यांनी याच मार्गाने उलगडले होते. त्यानंतर १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या धुरात पंपाने हवा सोडण्याची पद्धत आली. दुचाकीवरची डबी ही त्याच कल्पनेची लहान आणि बिनपंपाची आवृत्ती होय.

पंप नाही, तरी हवा जाते कशी?

येथे अभियंत्यांनी साधी पण सुंदर युक्ती योजली आहे. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा तप्त वायू जोराने पाइपमध्ये घुसतो. हा दाबाचा धक्का लाटेसारखा पुढे जातो. विहिरीत दगड टाकल्यावर लाट कठड्यावर आपटून परत येते, तशी ही लाटही पाइप जेथे मोठ्या पोकळीत उघडतो तेथून परत फिरते; मात्र उलट रूपाने, म्हणजे दाबाऐवजी ओढ घेऊन. त्यामुळे हेडजवळच्या धुराच्या वाटेत क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो.

डबीच्या आत पातळ पोलादी पाती असते. ती फक्त एकाच दिशेने उघडते. धुराच्या वाटेत ओढ निर्माण झाली की पाती उचलली जाते आणि एअर फिल्टरमधली स्वच्छ हवा आत शिरते. दाब वाढला की पाती मिटते आणि धूर उलटा फिरत नाही. मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ वेळा उघडतो. जवळजवळ प्रत्येक खेपेस हवेचा एक छोटा घोट धुरात मिसळतो. त्यासाठी इंजिनाची शक्ती खर्ची पडत नाही, की वीज लागत नाही.

हवा अगदी हेडजवळच का सोडतात, यालाही कारण आहे. हायड्रोकार्बन आपोआप जळून जाण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस आणि कार्बन मोनॉक्साइड जळण्यासाठी सुमारे ७०० अंश तापमान लागते. एवढी उष्णता व्हॉल्व्हच्या अगदी जवळच मिळते. पुढे पाइपमध्ये धूर झपाट्याने निवतो. ज्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तेथे उरलेले काम तो बऱ्याच कमी तापमानाला करतो; पण त्यालाही जाळण्यासाठी प्राणवायू हवाच. तो प्राणवायू ही डबीच पुरवते.

आता त्या तिसऱ्या बारीक नळीविषयी. चालक ॲक्सिलरेटर एकदम सोडतो तेव्हा इंजिन हवेला जोराने ओढते, पण ज्वलन नीट होत नाही आणि न जळलेले पेट्रोल मोठ्या प्रमाणात धुराच्या वाटेत येते. अशा वेळी त्यात ताजी हवा मिसळली तर सायलेन्सरमध्येच भडका उडून ‘बार’ निघणार. म्हणून त्या क्षणी इंजिनाची ओढ बारीक नळीतून डबीपर्यंत पोहोचते, आतील रबरी पडदा खेचला जातो आणि हवेची वाट बंद होते. नळी तडकली किंवा पडदा फाटला की वाट बंद होत नाही आणि उतारावर बार सुरू होतात. सारांश, बार निघणे हा अनेकदा डबीचा स्वभाव नसून तिचा आजार असतो. आजार बरा करण्याऐवजी अवयवच कापून टाकावा, तसा हा पत्रा मारण्याचा इलाज आहे.

नियमांच्या पायऱ्या

भारतात वाहनांच्या धुरावर देशव्यापी मर्यादा प्रथम १९९१ मध्ये आल्या. १९९६ मध्ये दुचाकीसाठी प्रतिकिलोमीटर ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम एवढी मुभा होती. २००० मध्ये दोन्ही मर्यादा २ ग्रॅमवर आल्या, २००५ मध्ये भारत स्टेज-२ बरोबर दीड ग्रॅमवर आणि २०१० मध्ये भारत स्टेज-३ बरोबर १ ग्रॅमवर. राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स १०० यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून मागे पडत गेल्या त्यामागे चार-स्ट्रोक गाड्यांचे ॲव्हरेज जसे होते, तसेच हे नियमही होते. दोन-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रणच धुराबरोबर निसटते, त्याला आवर घालणे कठीण होते.

चार-स्ट्रोक इंजिन मुळात स्वच्छ असले तरी स्वस्त कार्बोरेटरच्या बळावर एकेक पायरी खाली उतरणे सोपे नव्हते. ॲव्हरेज न घटवता, किंमत फार न वाढवता मर्यादा गाठायची तर दुय्यम हवेची डबी हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला. म्हणूनच २००५ नंतरच्या अनेक गाड्यांवर ती दिसू लागली. नव्या मॉडेलला बाजारात येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी पार करावी लागते. पुण्यातील ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांपैकी प्रमुख. तेथे गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवली जाते आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडले ते मोजले जाते. डबीसह मिळालेले हे प्रमाणपत्र डबी काढलेल्या गाडीला लागू पडत नाही, हे उघडच आहे.

भारत स्टेज-४ ची अट सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्याआधी २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक स्टेज-३ गाड्यांच्या विक्रीस त्या तारखेपासून मनाई केली आणि शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या सवलतींनी गाड्या विकल्या गेल्या. त्या सवलतीत घेतलेल्या गाड्या आज डबीबाबत तक्रार करण्याच्या वयात आल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आले. त्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १ ग्रॅम राहिली असली तरी हायड्रोकार्बनला केवळ ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडांना ०.०६ ग्रॅम एवढीच जागा उरली.

समज आणि वस्तुस्थिती

डबी काढल्याने पिकअप वाढतो, हा पहिला समज. दुय्यम हवा सिलिंडरमध्ये जातच नाही. स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला गेला, शक्ती चाकाकडे गेली आणि मग उरलेल्या धुरात ही हवा मिसळली. झालेल्या कामात ती भर घालू शकत नाही आणि घटही करू शकत नाही. डबी आणि नळ्यांचे वजन तेवढे कमी होते. ते पोत्यातल्या चार मुठी धान्याहून अधिक नसते.

ॲव्हरेज वाढते, हा दुसरा समज. किती पेट्रोल जायचे ते कार्बोरेटरचे जेट ठरवते. धुराच्या वाटेवरील डबीला त्यात काही म्हणता येत नाही. उलट डबी काढल्यावर ‘गाडी सेट करून घेऊ’ म्हणून मिश्रण गडद केले जाते आणि पेट्रोल अधिक जळते. बार थांबले, आवाज मऊ झाला म्हणून चालकाला गाडी सुधारल्याचा भास होतो. पंपावरचे बिल मात्र वेगळेच सांगते.

गाडी तापते, या तक्रारीत काही अंशी तथ्य आहे. उरलेले इंधन हेडजवळ जळते, तेव्हा तेथे थोडी अधिक उष्णता निर्माण होणारच. सायलेन्सरचा पाइप निळसर होण्यामागे हेही एक कारण असते. परंतु ही उष्णता गृहीत धरूनच हेड आणि पाइप घडवलेले असतात. पाइप निळा होणे हा रूपाचा प्रश्न आहे, इंजिनाच्या आयुष्याचा नव्हे. पाइप अवाजवी निळा होत असेल तर मिश्रण फार विरळ झाले आहे काय, हे आधी पाहावे लागते.

चौथा आक्षेप अधिक हुशारीचा आहे. ‘ही डबी धुरात हवा मिसळून धूर पातळ करते. दुधात पाणी घातल्यासारखे. पीयूसीच्या यंत्राला फसवण्याची ही कंपन्यांची युक्ती,’ असे काही जाणकारही म्हणतात. पीयूसी केंद्रात धुरातील प्रदूषकाचे टक्के मोजले जातात, त्यामुळे पातळपणाचा थोडा लाभ तेथे मिळतो, हे खरे. पण नव्या मॉडेलची चाचणी टक्क्यांत होत नाही, ग्रॅममध्ये होते. दुधात कितीही पाणी घाला, त्यातली साय वजनाने तेवढीच राहते. साय कमी झाली असेल तर ती जळून गेली असली पाहिजे. ग्रॅमची मर्यादा गाठली जाते ती ज्वलनामुळे, मिसळण्यामुळे नव्हे.

पत्रा मारल्यानंतर

डबी काढण्याच्या गावठी पद्धती अनेक आहेत. कोणी नळीत बेअरिंगची गोळी ढकलून क्लॅम्प आवळतो, कोणी हेडच्या तोंडाला पत्रा कापून दोन बोल्टनी बसवतो. धुराची वाट तापून लाल होण्याच्या जवळपास जाते. तेथे बेताचा पत्रा आणि साधे पॅकिंग फार काळ टिकत नाही. पॅकिंग जळाले की तेथून हवा आत ओढली जाते आणि जे बार थांबवण्यासाठी सारा खटाटोप केला तेच बार अधिक जोराने परत येतात.

त्याहून मोठी चूक बारीक नळीच्या बाबतीत होते. डबी निघते, पण इंजिनाच्या बाजूचे तिचे तोंड उघडेच राहते किंवा चिंधी कोंबून बंद केले जाते. तेथून फिल्टरविना धूळभरली हवा इंजिनात शिरते. मिश्रण विरळ होते, जागेवरचा वेग वरखाली होऊ लागतो, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन खरोखर तापू लागते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू असताना वाशीम जिल्ह्यातील रस्त्यांवर आणि शेतवाटांवर जो धुरळा उडतो, तो अशा उघड्या वाटेने आत गेला की पिस्टन-रिंगांची झीज ठरलेली. दोनशे रुपयांच्या नळीची बचत पुढे इंजिन उघडण्याच्या खर्चाने भरून द्यावी लागते.

ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तिथे आणखी एक परिणाम होतो. प्राणवायूविना कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करू शकत नाही. गडद मिश्रणाचा धूर सतत गेला की तो काजळीने माखतो. मग डबी परत बसवली तरी पूर्वीसारखे काम होईल याची खात्री उरत नाही. कन्व्हर्टरसह नवा सायलेन्सर घेणे हा लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने एका हंगामाच्या फवारणीएवढा खर्च असतो.

नव्या गाड्यांचे गणित निराळे

२०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल किती द्यायचे ते आता ईसीयू म्हणजे गाडीचा छोटा संगणक ठरवतो आणि त्याला धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर वार्ता देत असतो. या गाड्यांत दुय्यम हवा असली तर तिची झडपही अनेकदा संगणकाच्या ताब्यात असते. सेन्सरला धुरात अनपेक्षित प्राणवायू दिसला तर पेट्रोल कमी पडते आहे असा अर्थ लावून संगणक ते वाढवील. म्हणून हवा केव्हा सोडायची आणि केव्हा रोखायची, याचा ताळमेळ आधीच बांधलेला असतो. मधला एक दुवा तोडला की हा ताळमेळ बिघडतो. भारत स्टेज-६ बरोबर दुचाकीत आलेली आणि २०२३ मध्ये अधिक कडक झालेली ‘ओबीडी’ व्यवस्था असा बिघाड ओळखून डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावते. त्या दिव्याची वायर तोडणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांपुढे अलीकडे आणखी एक प्रश्न आला आहे. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असल्याने जुन्या जेटवर मिश्रण किंचित विरळ होते आणि इथेनॉलसाठी न घडवलेले जुने रबर लवकर कडक किंवा मऊ पडू शकते. विरळ मिश्रणानेही उतारावर बार निघतात. अशा वेळी दोष डबीचा धरून पत्रा मारला तर खरे कारण जागच्या जागी राहते.

कायदा आणि पीयूसी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमानुसार प्रत्येक वाहनाला प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र लागते. १ एप्रिल २००० नंतरच्या कार्बोरेटरच्या चार-स्ट्रोक दुचाकींसाठी जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम ही मर्यादा सांगितली गेली. पुढच्या पायऱ्यांवरील गाड्यांना ती अधिक कडक आहे. मर्यादेच्या काठावर असलेली जुनी गाडी डबी काढल्यावर या चाळणीतून खाली पडण्याचा संभव वाढतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. ही कमाल मर्यादा असून जागेवर तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. त्याच दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ(४) वाहनात परवानगी नसलेले फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. सल्ला देणारा कोणीही असो, कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायी मालकच ठरतो, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग करावे काय?

उपाय साधे आहेत आणि कोणत्याही कुशल मिस्त्रीच्या हातचे आहेत. प्रथम एअर फिल्टर पाहावा. धुरळ्याने तो गच्च झाला की मिश्रण गडद होते आणि डबीलाही हवा पुरत नाही. धुळीच्या मुलखात कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच तो साफ करणे किंवा बदलणे भाग पडते. नंतर सायलेन्सर हेडला जोडतो तेथील गॅस्केट तपासावे. इंजिन थंड असताना सुरू करून जोडापाशी काजळीचा माग दिसतो काय आणि ‘फस् फस्’ असा आवाज येतो काय ते पाहावे. उतारावरच्या बारांचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

त्यानंतर तिन्ही नळ्या. त्या बोटांनी वाकवून बारीक तडा दिसतो काय ते पाहावे. बारीक नळी इंजिनाकडून सोडवून तिच्या इंजिनाकडील तोंडातून हलकेच हवा ओढली असता पडदा धरून राहिला पाहिजे. ओढ सुटत असेल तर पडदा फाटलेला आहे. एअर फिल्टरच्या पेटीत शिरणाऱ्या नळीचे तोंड काजळीने काळे झाले असेल किंवा नळी भाजल्यासारखी दिसत असेल, तर पातीवर कार्बन बसून ती अर्धवट उघडी राहते आहे आणि तप्त धूर उलटा येतो आहे, असे समजावे. ही बाब हयगय करण्याजोगी नाही, कारण उलटा धूर फिल्टरची पेटीही वितळवू शकतो. पाती साफ होत नसेल तर संपूर्ण डबी बदलावी. जोडकाम करू नये.

शेवटी व्हॉल्व्हची सैलता गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावणे, प्लग पाहणे आणि कार्बोरेटरचे जागेवरचे मिश्रण बसवणे. हे करताना दुय्यम हवेची नळी तात्पुरती बंद करण्याची पद्धत काही पुस्तिकांत सांगितलेली असते, म्हणजे धुराचे वाचन खरे मिळते. काम झाल्यावर ती पुन्हा जोडणे विसरू नये. डबी बंद करण्याचे योग्य कारण एवढेच, आणि तेही दहा मिनिटांपुरते. बंद मैदानातील शर्यतीच्या गाड्यांवर ती काढतात. परंतु त्या गाड्या रस्त्यावर येत नाहीत आणि त्यांच्या टाकीवर पुढे लहान मूल बसलेले नसते.

खेड्यात धूर कुठे आहे, मोकळे रान आहे, असा युक्तिवाद ऐकू येतो. एका गाडीपुरता तो खराही वाटतो. परंतु बाजाराच्या दिवशी कारंजा किंवा मानोऱ्याच्या चौकात शेकडो गाड्या एकाच वेळी जागेवर धडधडत उभ्या असतात. सकाळी शाळेच्या फाटकाशी तीच गर्दी होते. त्या धुराच्या उंचीवरच मुलांची नाके असतात. पाइपचा निळा रंग चालकाला दिसतो आणि उतारावरचा बार त्याला ऐकू येतो. डबी जे जाळून टाकते ते मात्र दिसत नाही आणि ऐकू येत नाही. म्हणूनच ती काढण्याचा मोह होतो. शेताच्या बांधावर पाणी अडवणारा दगड निरुपयोगी वाटावा आणि तो उचलल्यावर पहिल्याच पावसात माती वाहून जावी, तसाच हा प्रकार आहे. तो दगड तेथे कशासाठी ठेवला होता, हे आधी विचारणे अधिक शहाणपणाचे.